पाहिलंत तर कळवा

पुण्याच्या मंडईत भरदुपारी कोयता निघाला, तर तो पाहणारे दोन-चार नसतात. गाळेवाले, हमाल, टेम्पोवाले, भाजीच्या पिशव्या सांभाळणारी गिऱ्हाइकं, सगळेच पाहतात. पण पोलीस आले की ‘माझं लक्ष नव्हतं’ म्हणून प्रत्येक जण अंग काढून घेऊ पाहतो. कायद्याला हे चालत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ ने आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ ने खून, दरोडा अशा गुन्ह्यांची माहिती असलेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक केलं आहे. का कळवलं नाही, याचं सबळ कारणही त्यानेच द्यायचं. जाणूनबुजून गप्प राहणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन मला रास्त वाटतं, कारण कायदा कोयत्याला आडवं जायला सांगत नाही, फक्त कळवायला सांगतो.

यावरचा खरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो खोटा नाही. वाटसरू निघून जातो, गाळेवाला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसलेला असतो. जामिनावर सुटलेल्या गुंडाला त्याला शोधावंही लागत नाही. अशा माणसाला तुरुंगाचा धाक दाखवून काही साधणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तीत संरक्षणासाठीचा अर्ज तपास अधिकाऱ्यालाही करता येतो. मग तो त्यानेच, न मागता करावा. सरकारने आपला वाटा उचलला, तरच नागरिकाला जाब विचारता येईल.

‘कोर्टाच्या खेपा कोण घालणार?’ हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर एका खटल्यात आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. महापालिकेच्या एका सफाई कर्मचाऱ्याने तो पाहिला होता. २०२२ मध्ये, इतक्या वर्षांनी, त्याने न्यायालयात उभं राहून मारेकरी ओळखले. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. एवढ्या गाजलेल्या खटल्यातही रोजच्या कामावर असलेल्या माणसाचे डोळे उपयोगी पडले. साक्षीसाठी जवळपास नऊ वर्षं थांबावं लागलं, हा दोष व्यवस्थेचा आहे. पण म्हणून त्याने गप्पच राहायला हवं होतं, असं कोण म्हणेल? मंडईतल्या प्रत्येक गाळेवाल्याला माझी विनंती आहे: पाहिलंत तर ११२ फिरवा.