आधी जीप शांत करा, मग गाणं लावा

जुनी जीप घेऊन ती नटवण्याचं वेड आपल्या गेवराई तालुक्यात नवं नाही. कुणाकडे वडिलांच्या काळातली एमएम ५४० आहे, कुणी हरियाणातल्या मंडी डबवालीहून तयार करून आणलेली आहे, तर कुणाची जीप म्हणजे काळी-पिवळी म्हणून आयुष्यभर प्रवासी वाहिलेली कमांडर. आधी रंग होतो, मग रुंद टायर, मग समोर दिव्यांची रांग. आणि सगळ्यात शेवटी, उरलेल्या सगळ्या पैशांत, "साउंड".

माझं भांडण जीपशी नाही, गाण्याशी तर मुळीच नाही. भांडण आहे ते या शेवटच्या खर्चाशी, आणि उमापूरपासून गेवराईपर्यंत पोरांच्या डोक्यात बसलेल्या एका वाक्याशी : "डॉक्टर, आवाज छातीत बसला पाहिजे."

छातीत बसेल हो. पण त्याआधी तो कानात बसतो आणि तिथून उठत नाही.

कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडे, गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात बारीक केसाळ पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाच्या लहरींनी या पेशी हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. पिकातून वारा गेला की पीक वाकतं आणि पुन्हा उभं राहतं, तसंच इथे होतं. पण वादळ आलं तर पीक आडवं होतं. वरातीहून घरी आल्यावर कानाला दडे बसतात, शिट्टी वाजते, सकाळपर्यंत बरं वाटतं, तेव्हा पीक वाकून कसंबसं उभं राहिलेलं असतं. असं वारंवार झालं की काही पेशी कायमच्या मरतात. कोंबडीच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात नाही. त्यावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. "आता मला सवय झाली, काही होत नाही" असं कुणी अभिमानाने सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला कमी ऐकू यायला लागलेलं असतं.

आता हिशेब बघा, कारण हा सगळा हिशेबाचाच मामला आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबल आवाजात रोज आठ तास, ही कामगारांसाठी वापरली जाणारी मर्यादा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. तेवढ्यात उमापूरहून निघालेली जीप गेवराईलाही पोचत नाही. स्पीकरच्या भिंतीमागे नाचताना आवाज ११० च्या आसपास गेला, तर दिवसभराचा कोटा दीड-दोन मिनिटांत संपतो. एक गाणंसुद्धा पुरं होत नाही. आणि हा हिशेब मोठ्या माणसाचा आहे. बापाच्या खांद्यावर बसून वरात बघणारं दोन वर्षांचं लेकरू स्वतः उठून बाजूला जाऊ शकत नाही.

जीपचं दुखणं मात्र वेगळं आहे, आणि साउंड बसवून देणारे ते तुम्हाला सांगत नाहीत. बंद कारमध्ये काचा वर असतात, जागा छोटी असते, त्यामुळे थोड्या ताकदीतही बेस भरून येतो. जीपला वर ताडपत्री, बाजू उघड्या. बेस बाहेर पळून जातो. शिवाय जुनं डिझेल इंजिन, गिअरबॉक्सची घरघर, रुंद टायरांचा आवाज आणि वारा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर समजा तुम्ही ८५ च्या आसपास आहात, तेही गाणं सुरू करण्याआधी. मग या गोंगाटाच्या वर गाणं नेण्यासाठी आवाज वाढवायचा, तरी बेस येत नाही म्हणून मोठा वूफर, त्याला मोठा ॲम्प्लिफायर. वूफरला जागा कुठे? सीटच्या मागे, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या कानापासून दोन वितीवर.

वॅटच्या नावाने होणारी फसवणूक तर वेगळीच. खोक्यावर "५००० वॅट" छापलेलं असतं, तो क्षणभराचा फुगवलेला आकडा. ॲम्प्लिफायर सतत किती देतो ते विचारा, आकडा एकदम खाली येईल. आणि ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटायला ताकद दहापट लागते. खरोखरचे हजार वॅट १२ व्होल्टवर घ्यायचे तर ८० अँपिअरच्या वर करंट लागतो. जुन्या जीपचं अल्टरनेटर त्यासाठी बनलेलं नाही. मग बॅटरी बसते, दिवे मंद होतात, आणि फ्यूज न लावता ओढलेली वायर तापून पेटण्याची भीती असते. अशा ओढाताणीत आवाज फाटतो. फाटलेला आवाज आपल्याला "अजून कमी पडतोय" असा वाटतो आणि हात पुन्हा बटणाकडे जातो.

छातीत बसणाऱ्या बेसविषयीही सांगतो, नाहीतर म्हणाल डॉक्टर कानापुढे जात नाहीत. २००४ मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात बेल्जियम आणि ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी काही तरुणांची हकिगत छापली. मोठ्या आवाजातल्या संगीताजवळ असताना त्यांच्या फुप्फुसातून हवा गळून छातीत साठली होती. त्यातल्या एकाने गाडीत हजार वॅटचा बेस बॉक्स बसवला होता आणि त्रास झाला तेव्हा तो गाडी चालवत होता. हे क्वचितच घडतं, घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण उंच, सडपातळ आणि सिगारेट ओढणाऱ्या पोरांमध्ये असा धोका मुळातच जास्त असतो, आणि वरातीच्या पुढे कोण नाचत असतं ते तुम्हीच आठवा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाचा दाब आणि ठोके दणदणाटाने वाढतात, याला तर कुठल्याच नियतकालिकाची गरज नाही. रस्त्याकडेच्या घरात पडून असलेल्या म्हाताऱ्याच्या मनगटाला हात लावून बघा.

इथे एक युक्तिवाद हमखास येतो : "माझी गाडी, माझा कान." स्पीकरचं तोंड आत असेल तर हे अर्धं मान्य. अर्धंच, कारण मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा तुम्हाला ऐकू आला नाही तर तो फक्त तुमचा प्रश्न उरत नाही. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकून दहा वेळा हॉर्न वाजवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आणि स्पीकरचं तोंड बाहेर केलं, की तो कान तुमचा उरतच नाही.

कायदाही तिथेच बदलतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, ती वेळेची सूट असते, कितीही मोठ्याने वाजवण्याची नव्हे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवता येतं. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल देऊन पोलिसांना या नियमांची अंमलबजावणी करायला सांगितलं. जीपचा मागचा भाग कापून स्पीकरची भिंत उभी करायची असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, मूळ रचना अशी मनाने बदलता येत नाही.

पण खरं बोलायचं तर पोरं या कायद्याला घाबरत नाहीत, कारण मोठी माणसंच वर्गणी देतात. जयंती असो, गणपती असो, ऊसतोडीहून माणसं परतल्यावरची लग्नसराई असो, "आवाज कमी पडला" ही तक्रार करणारे काका-मामाच असतात. दणका मोठा तेवढा मान मोठा, हे पोरांना आपणच शिकवलं. आणि पंचविशीत पोराला फोनवरचं नीट कळेना की त्यालाच म्हणायचं, "लक्ष कुठं असतं रे तुझं?" त्याचं लक्ष ठिकाणावर असतं. मोठ्या आवाजाने आधी उंच पट्टीचं ऐकणं जातं, त्यामुळे स, श, थ, ख ही अक्षरं पुसट होतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

मग जीपमध्ये गाणं लावूच नये का? लावा. फक्त क्रम उलटा करा. पहिला पैसा जीप शांत करण्यावर घाला : सायलेन्सरची गळती बंद करा, इंजिनचे रबर माउंटिंग बदला, पायाखालच्या पत्र्यावर आवाज शोषणारे जाड पत्रे चिकटवून घ्या, दारांचे रबर बदला. गोंगाट १० डेसिबलने उतरला, तर ॲम्प्लिफायरची दहापट ताकद वाचली. मग दोन चांगले स्पीकर पुढे, तोंड तुमच्याकडे, आणि सतत ४०-५० वॅट देणारा साधा प्लेअर. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. गाडी चालू असताना शेजारच्याशी न ओरडता बोलता आलं पाहिजे, ही माझी कसोटी. फोनवरच्या ॲपपेक्षा मी हिच्यावर जास्त विश्वास ठेवतो, कारण ही ॲप्स बहुधा बेस कमीच मोजतात.

वरातीत नाचणारच असाल तर स्पीकरच्या भिंतीपासून लांब नाचा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग अगदी स्वस्त मिळतात. कापसाचा बोळा त्याची जागा घेत नाही.

दडे किंवा शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली, किंवा एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, तर तीन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा आणि ऑडिओमेट्री करून घ्या. अचानक गेलेल्या ऐकण्यावर स्टेरॉइडचा उपयोग लवकर सुरू केला तरच होतो, काही आठवड्यांनी आलात तर फारसं हातात राहत नाही. आणि कानात कोमट तेल घालून वाट बघू नका. इजा जिथे झालेली असते तिथे ते तेल पोचतच नाही, मध्ये पडदा आहे.