बांधापलीकडचा माणूस

मृग तोंडावर आला आहे. नांगरट, मोगडणी आटोपली, धसकटे वेचून झाली. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासणेही सुरू आहे. या दिवसांत आमच्याकडे येणारा शेतकरी खत, बियाणे आणि पीकविमा यांविषयी विचारतो. पण चहा घेऊन उठताना, दाराशी थांबून, आवाज खाली करून जी अडचण सांगितली जाते ती वेगळीच असते. "साहेब, शेजारी दरसाल एक तास बांध कोरतोय." "साहेब, वरचा पाणी माझ्या वावरात सोडतोय." "साहेब, बैलगाडीची वाट त्यानं काटे टाकून बंद केली."

या तक्रारीवर आमच्या कोणत्याही योजनेत अनुदान नाही. खरे सांगायचे तर, पेरणी वेळेवर होणार की नाही, पीक पदरात पडणार की नाही, हे कित्येकदा बियाण्याच्या पिशवीपेक्षा बांधापलीकडच्या माणसावर जास्त अवलंबून असते.

बांध वाढले, माणसे दुरावली

कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात 1970-71 साली शेतकऱ्यामागे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 साली ती 1.34 हेक्टरवर आली. खातेदारांची संख्या याच काळात सुमारे 50 लाखांवरून सुमारे 153 लाखांवर गेली. आकडे कोरडे वाटतील, पण त्यांचा अर्थ वावरात उभे राहिले की कळतो. जिथे आजोबांच्या काळी एक बांध होता तिथे आज चार आहेत. बांध वाढला की शेजारी वाढला, आणि जमीन जितकी कमी तितका एकेका तासाचा जीव मोठा. पूर्वी हातभर बांध सरकला तर लोक हसून सोडून देत. आज एकरभर वावरातून हातभर गेले तर रात्रीची झोप उडते. यात दोष माणसाच्या मनाचा थोडा आणि तुकड्याचा फार.

दुसरी गोष्ट यंत्राची. एक बैल याचा, एक बैल त्याचा, अशी सावड घालून पेरणी करणारी पिढी अजून गावात आहे. इर्जिकीला दहा-बारा औते एका दिवसात एकाचे रान मोकळे करत आणि संध्याकाळी त्याच्या घरी सगळ्यांची पंगत बसे. पैरा फेडायचा असे म्हणून शेजाऱ्याशी गोड राहावेच लागे. ट्रॅक्टर आला, काम सोपे झाले, ते चांगलेच झाले. पण पैसे देऊन काम होते म्हटल्यावर शेजाऱ्याशी बोलायचे कारणच उरले नाही. आता शेजारी आठवतो तो बांध कोरला तेव्हाच.

चूक माझीच होती

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी स्वतःची गोष्ट सांगतो. माझ्याकडच्या एका गावात काळ्या जमिनीत वरखाली दोन वावरे आहेत. नावे घेत नाही. वरच्या वावरवाले पन्नाशीचे, खालचे साठी ओलांडलेले. वरचे त्यांना 'आबा' म्हणत. एकाच विहिरीवर दोघांच्या मोटारी, दुपारची भाकरी एकाच बाभळीखाली.

एका पावसाळ्यात वरच्या वावरात सोयाबीन पिवळे पडले. पाणी साचले होते. मी गेलो, पीक पाहिले आणि उताराच्या बाजूने चर काढायला सांगितले. सल्ला पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. सोयाबीन आठ दिवसांत हिरवे झाले, मी फोटो काढून वर पाठवला. पण चराचे पाणी पुढे कुठे जाते ते बघायला मी बांधाखाली उतरलोच नाही. ते आबांच्या तुरीत जात होते. आठ दिवस पाण्यात उभी राहिलेली तूर जागेवरच वाळली.

आबांनी चराचे तोंड मातीने बुजवले. वरच्यांनी ते रात्रीतून फोडले. मग शिवीगाळ, मग अर्ज, मग तालुक्याच्या तारखा. विहिरीवर पाळी लागली, बाभळीखाली कुणी बसेना. घरातल्या बायामाणसांचे हळदीकुंकूसुद्धा बंद पडले. एकदा आबा मला म्हणाले, "साहेब, तुम्ही त्याचं सोयाबीन वाचवलं आन् माझा शेजार बुडवला." मला उत्तर देता आले नाही.

तीन वर्षे असे चालले. चौथ्या वर्षी जानेवारीत थ्री फेज लाईट रात्रीची होती. आबा एकटेच गव्हाला पाणी धरायला गेले. वरचे आपल्या हरभऱ्याला पाणी देत होते. खालच्या वावरात फिरणारा बॅटरीचा उजेड एकाएकी एका जागी थांबला, तो हलेना. त्यांनी हाक मारली नाही, कारण तीन वर्षे हाक मारली नव्हती. थोडा वेळ वाट पाहिली आणि मग बांध उतरून पळत गेले. आबांना घोणस चावली होती. पाय हलू न देता, कुठे काप न घेता, मांत्रिकाकडे न नेता त्यांनी आबांना मुलाच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात पोचवले. लस वेळेवर मिळाली. आबा वाचले.

पुढे सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही. पाण्याचा प्रश्न तसाच होता. मात्र आता दोघे बोलत होते, त्यामुळे तो सोडवता आला. उन्हाळ्यात आम्ही तिघे दोन्ही वावरे पायांखाली घालून आलो. चर सरळ खाली न नेता बांधाच्या कडेने ओढ्याकडे वळवला. जिथे पाणी उतरते तिथे दोघांनी मिळून दगडांचा सांडवा रचला, बांधावर मारवेल गवत लावले. दगड आबांच्या वावरातले, ट्रॅक्टर वरच्यांचा. दोन दिवसांचे काम. तीन वर्षांत तारखांना जेवढे भाडे आणि जेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली, त्यात असे कितीतरी सांडवे झाले असते.

कीड बांध मानत नाही

शेजार टिकवायचा तो केवळ माणुसकी म्हणून नव्हे, तर शेतीचा हिशेब म्हणूनही. हुमणीचे उदाहरण घ्या. वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. त्या दिवसांत फांद्या हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, हा सर्वांत स्वस्त उपाय. पण एकट्याने आपल्याच बांधावरचे झाड हलवून काय होणार? शेजारच्या कडुनिंबावरचे भुंगेरे तुमच्याच उसात अंडी घालणार. गुलाबी बोंडअळीचेही तेच. नऊ जणांनी डिसेंबरअखेर कपाशी मोडली आणि दहाव्याने फरदड ठेवली, तर पुढच्या साली दहाही जणांची बोंडे किडतात. फवारणीचे औषध विकत मिळते. शेजाऱ्याने तुमच्याच आठवड्यात झाड हलवावे, हे विकत मिळत नाही. त्यासाठी त्याच्याशी बोलणे असावे लागते.

बियाण्याचेही तसेच आहे. सोयाबीन हे सरळ वाणाचे पीक. शेजाऱ्याकडचे चांगले, न फुटलेले, 70 टक्के उगवणीचे बियाणे तुम्हाला चालते. दुबार पेरणीची वेळ आली की दुकानापुढे रांग लागते. त्या वेळी बांधापलीकडून एक पोते उसने मिळाले तर हंगाम वाचतो.

कायदा आहे, पण शेवटी

कुणी म्हणेल, अन्याय सहन करायचा का? मुळीच नाही. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते. वावरात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. हद्दीची शंका असेल तर सरळ मोजणीचे पैसे भरावेत, आणि शक्यतो दोघांनी मिळून भरावेत. मग मोजणीदार कुणा एकाचा राहत नाही.

एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याच्या नावची पहिल्याच्या, असा घोळ किमान 12 वर्षांचा असेल, तर 2023 मध्ये शासनाने आणलेली सलोखा योजना कामाची आहे. दोघांच्या संमतीने अदलाबदलीचा दस्त होतो. त्याला मुद्रांक शुल्क 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये. योजनेची मुदत आणि अटी तलाठी कार्यालयात आधी विचारून घ्याव्यात. पण लक्षात ठेवा, इथेही पहिली अट संमतीची आहे. दोघे समोरासमोर बसायलाच तयार नसतील तर शासन कितीही फी कमी करो, दस्त होणार कसा?

आमच्या खात्यातल्या आणि गावगाड्यातल्या मंडळींनाही दोन शब्द. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, पोलीस पाटील यांच्यापर्यंत भांडण अर्ज होऊन येते तेव्हा ते पिकून गेलेले असते. ते कच्चे असतानाच आपल्या कानावर येते. तेव्हा "अर्ज द्या, बघू" असे न म्हणता एकदा दोघांना घेऊन बांधावर उभे राहावे. एका वावराला सल्ला देताना त्याच्या चारही बाजूंना काय होणार ते चालून पाहावे. मी हे तुरीचे एक पीक वाया घालवून शिकलो. तुम्ही फुकटात शिका.

शेतकरी बंधूंनो, तिफण बाहेर काढण्याआधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा. बांधापलीकडच्या माणसाला हाक मारा. अबोला असेल तर मोठ्याने आधी हाक मारावी, त्यात कमीपणा नाही. दोघांनी बांधावरून चालत जा. पाणी कुठून उतरते, खूण कुठे आहे, वाट किती सोडायची, भुंगेरे कोणत्या दिवशी गोळा करायचे, हे चालता चालता ठरवा. चार दगड रचायचे असतील तर पाऊस पडण्याआधीच रचून टाका.

गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणत आलो आहोत. ते गाव म्हणजे दुसरे कुणी नव्हे, बांधापलीकडे बॅटरी घेऊन पाणी धरणारा तो एक माणूस. रात्री-अपरात्री आपली बॅटरी हलायची थांबली, तर ते पहिल्यांदा त्यालाच दिसणार आहे.