पोकर कसं खेळतात? तो कौशल्याचा खेळ आहे की जुगार?

पोकरचे नियम अर्ध्या तासात शिकता येतात. पण हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांचंही एकमत नाही. 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार ठरवलं, तर 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ म्हटलं. असं का झालं, हे समजण्यासाठी आधी डाव पाहू.

डाव कसा असतो?

सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती इतरांना दिसत नाहीत. मग टेबलावर सगळ्यांसाठी आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक पान उघडतात. दरम्यान बोली चालू असते: चिप्स लावायच्या, वाढवायच्या किंवा पानं टाकून बाहेर पडायचं. शेवटी सातपैकी सर्वोत्तम पाच पानं ज्याची, डाव त्याचा. बाकीच्यांनी आधीच माघार घेतली, तर हलकी पानं असलेलाही जिंकतो.

कौशल्य कुठे, नशीब कुठे?

समजा, पहिली तीन पानं उघडल्यावर तुमच्याकडे चार बदाम आहेत. पाचवा आला तर डाव जवळपास तुमचाच. न दिसलेल्या 47 पानांत 9 बदाम आहेत, म्हणजे पुढच्याच पानाला तो येण्याची शक्यता सुमारे 19 टक्के. टेबलावर 150 चिप्स आहेत आणि टिकून राहायला तुम्हाला 50 भराव्या लागणार. चारपैकी एकदा जिंकलात तरच बरोबरी होते. इथे शक्यता पाचात एकाहूनही कमी. फक्त पुढच्या पानाचा विचार केला, तर हा सौदा तोट्याचा.

हा हिशेब म्हणजे कौशल्य. पुढचं पान मात्र नशिबाचं.

मग कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा वादच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवण्यावर बंदी आहे. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जाहिरात करणाराही दोषी ठरतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षेची तरतूद नाही. गोव्यातले परवानाधारक कसिनो या ऑनलाइन बंदीत येत नाहीत.

शिकणाऱ्यांनी काय करावं?

पैसे न लावता पोकर खेळायला या कायद्याची आडकाठी नाही. घरी चिप्सऐवजी शेंगदाणे घेतले, तरी 19 टक्क्यांचा हिशेब तोच राहतो. पण ‘आधी शिका, मग कमवा’ असं सांगून पैसे भरायला लावणारं ॲप दिसलं, तर सावध व्हा. कारण तुमचा हिशेब कितीही पक्का असला, तरी पैसे अडकल्यावर दाद मागणं सोपं नसतं.