खाऱ्या पाण्याची पेटी विकणाऱ्यांनी पूर्ण सांगावे

आम्ही कापडाचे व्यापारी. नरडाण्याहून सुरतेला तापी लाईनच्या गाडीने आमचे नेहमीचे जाणे-येणे. अशाच एका फेरीत नातवाच्या हट्टापायी आम्ही साठ लिटरची काचेची पेटी, समुद्री मिठाचे पाकीट आणि दोन नारिंगी क्लाऊनफिश घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "मीठ कालवा, मासे सोडा, झाले." आठ दिवसांत दोन्ही मासे मेले. पोराने दोन दिवस धड जेवण केले नाही.

चौकशी केली तेव्हा कारण कळले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया होतो. त्याचे आधी नायट्राईट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नव्या पेटीत नसतात. दगड-वाळूत ते रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटी माशांविना चालवायची असते. दुकानदाराला हे ठाऊक नसेल असे आम्ही मानत नाही. कच्च्या रंगाचे कापड पक्के म्हणून विकणे आणि हे, यात आम्हांला फरक दिसत नाही.

दुसरी चूक मात्र आमची स्वतःची. खानदेशातला उन्हाळा वाचकांना सांगायला नको. पेटीतले पाणी रोज उतरे आणि खारे पाणी उडाले म्हणून आम्ही खारेच पाणी भरत गेलो. रंगारी बंधू हे वाचून हसतील. कढईतले पाणी आटले की रंग दाट होतो, तसे पाणी उडते पण मीठ मागेच राहते. भर घालायची ती साध्या, शक्यतो आरओच्या पाण्याची. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ हे प्रमाण. म्हणजे साठ लिटरला दोन किलोच्या वर. घरातले खायचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे इतर क्षारही असतात. पेटी जितकी लहान तितके पाणी लवकर बिघडते, तापते. २४ ते २७ अंश तापमान हवे आणि मे महिन्यात वीज गेली की पंखा व पंप दोन्ही बंद! म्हणून "लहान पेटी, कमी कटकट" हे दुकानातले बोलणे उलटे आहे.

आणखी एक. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. समुद्रातून काढून आणलेला असा माल कोणी स्वस्तात देऊ लागला तर हात लावू नये. क्लाऊनफिशची गोष्ट निराळी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास बंदिस्त पाण्यात करून दाखवली आहे. असे मासे पेटीला व कोरड्या खाद्याला सरावलेले असतात. गिऱ्हाइकाने "पैदाशीचा की पकडलेला?" हे विचारावे आणि दुकानदाराने खरे सांगावे.

आमच्या काही तरुणांच्या मनात रंगीत माशांचा धंदा आहे. जरूर करा. काच कापणारे, स्टँड बनवणारे सुतार-वेल्डर यांनाही त्यात काम आहे. पण पेटीसोबत पहिल्या दिवशी मासे देऊ नका. सुरतेच्या त्या दुकानदाराने "मासे पुढच्या फेरीला न्या" म्हटले असते, तर आम्ही गेलो असतोच. दर महिन्याला जातो.