पोत्यात नसलेल्या ऑक्साइडचा हिशेब

वणी, पुसद, आर्णी, पांढरकवडा, जिल्ह्याच्या चारही कोपऱ्यांतून परवानाधारकांची पत्रे आली आहेत आणि तक्रार एकच आहे. मृदा आरोग्य पत्रिका हातात धरून शेतकरी काउंटरवर गणित मांडतो, ते आपल्या गणिताशी जुळत नाही. पुढे 'दुकानदाराने जास्तीचे खत गळ्यात मारले' असा अर्ज तालुक्याला जातो. पथक येते, साठा रजिस्टर पाहते, भावफलक पाहते, ई-पॉसचा शिल्लक साठा जुळवते. ज्या आकड्यावरून भांडण झाले, तो आकडा मात्र कोणी पाहत नाही.

तो पाहिला तर दोष कुठे आहे ते लगेच कळते. पत्रिकेवर 'उपलब्ध स्फुरद' असते ते मूलद्रव्य, म्हणजे नुसते पी. शिफारशीतले स्फुरद मात्र पी-टू-ओ-फाइव्ह, आणि डीएपीच्या पोत्यावरचे 46 तेही पी-टू-ओ-फाइव्हच. मराठीत तिन्हींना नाव एकच. कपाशीला हेक्टरी 30 किलो स्फुरद सांगितले, तर त्यासाठी डीएपी लागते 65 किलो. बारावी विज्ञान झालेला मुलगा पत्रिकेप्रमाणे ते 30 मूलद्रव्य धरतो आणि थेट तीन पोती मागतो. 1,350 रुपयांचे पोते धरले तर हेक्टरी दोन हजारांवर रुपये मातीत जातात. अर्ज मग त्याचा बाप करतो, आणि नोटीस आपल्याला येते.

गंमत म्हणजे ज्या संयुगाच्या नावाने हा सगळा व्यवहार चालतो, ते पोत्यात नसतेच. फॉस्फरस पेंटॉक्साइड पोत्यात खरेच असते, तर गोदामातली ओल शोषून त्याचे आम्ल झाले असते आणि हमालांचे हात भाजले असते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे सरळसरळ पोटॅशियम क्लोराइड. त्यात ऑक्सिजनचा अणूही नाही, तरी लेबलवर '60 टक्के के-टू-ओ'. मूलद्रव्यात ते भरते 50 टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे एवढे खपणारे 10:26:26 मूलद्रव्यात मोजले तर जेमतेम 10:11:22. एकोणिसाव्या शतकात रसायनतज्ज्ञ राखेचे पृथक्करण करून निष्कर्ष ऑक्साइडच्या रूपात मांडत. ती पद्धत 1985 च्या खत नियंत्रण आदेशातही तशीच उतरली आहे.

ब्रिटनमध्ये ऑक्साइडच्या आकड्यापुढे कंसात मूलद्रव्याचा आकडा छापतात. ऑस्ट्रेलियात तर लेबलवर मूलद्रव्यच असते. आपल्याकडे पोत्याला हात लावता येत नाही, असे म्हणावे तर ऑक्टोबर 2022 पासून देशातल्या अनुदानित खतांच्या पोत्यांचा दर्शनी भाग 'भारत' नावाने नव्याने छापला गेला. दोन तृतीयांश जागा नाव आणि बोधचिन्हाला मिळाली, कंपनीला उरलेली एक तृतीयांश. एवढ्या मोठ्या रंगकामात कंसातल्या दोन आकड्यांना जागा मिळाली नाही. अधिकाऱ्यांना विचारले की उत्तर ठरलेले: "वरून आदेश नाही."

पण आपल्यातलेही काही कमी नाहीत. पावतीवर नुसते 'पोटॅश' लिहिणारे अजून आहेत. एमओपीत 60 टक्के, तर मळीपासून बनलेल्या पोटॅशची अट 14.5 टक्क्यांची. दोन्हींची पावती सारखीच फाडली, तर फसवणुकीचा आरोप आपणच ओढवून घेतो. 'झिंक' एवढेच लिहिणाऱ्यांबद्दल काय बोलावे? झिंक सल्फेट पिकाचे अन्न, झिंक फॉस्फाइड उंदराचे विष. फॉस्फाइडला ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात शेतकरी आणि मजूर दगावले. त्यानंतरही रुग्णालयात दाखवायच्या पावतीवर औषधाचे अर्धेच नाव असावे?

म्हणून सभासदांनो, या खरिपापासून नमुना एम मधल्या पावतीवर पूर्ण नाव आणि टक्केवारी लिहा. भावफलकाशेजारी दोन ओळी रंगवा: स्फुरद ऑक्साइड गुणिले 0.44 म्हणजे मूलद्रव्य. पालाश ऑक्साइड गुणिले 0.83 म्हणजे मूलद्रव्य. आपल्या भागात वाद झाला असेल तर पत्रिका, पावती आणि पोत्याचे लेबल यांच्या छायाप्रती शेतकऱ्याचे नाव झाकून आमच्याकडे पाठवा. लेबलवर दोन्ही आकडे छापावेत असे निवेदन केंद्रीय कृषी मंत्रालयाला द्यायचे आहे. त्याला पुरावा लागेल, आणि तो तुमच्या काउंटरवरच आहे.