पॉडकास्टचा पक्का श्रोता कोण : रोज ऐकणारा की पैसे देणारा?

समजा, तुम्ही मेहकरला राहता आणि एक मराठी पॉडकास्ट पहिल्या भागापासून ऐकताय. एकही भाग चुकवलेला नाही. लाइव्ह सुरू होतं, तुम्ही कमेंट टाकता, ती क्षणात वर सरकून गायब होते. निवेदक नाव घेतो ते सुपर चॅटवाल्याचं.

असं का होतं?

एक तर सुपर चॅट रंगीत पट्टीत वेगळा दिसतो. दुसरं, खर्च. स्टुडिओ, एडिटिंग, कॅमेरा फुकट मिळत नाही. यूट्यूबवर मेंबरशिपच्या १०० रुपयांतले साधारण ७० चॅनेलला मिळतात. तेव्हा पैसे मागण्यात चूक काहीच नाही.

खरी अडचण वेगळी आहे. भाग कितव्या मिनिटाला सोडला गेला, हे निर्मात्याला आकडेवारीत दिसतं. शेवटपर्यंत ऐकणाऱ्याचं नाव मात्र दिसत नाही. नावानिशी दिसतो तो पैसे भरणारा, मग बक्षीसही त्यालाच.

रेडिओच्या काळात हे उलटं होतं. झारखंडमधलं झुमरी तलैया देशाला माहीत झालं ते फर्माइशींच्या पत्रांमुळे. बक्षीस काय, तर नाव आणि गाव रेडिओवरून ऐकू येणं. खर्च एका पोस्टकार्डाचा.

त्या पोस्टकार्डाचीही गंमत आहे. १९९०च्या दशकात सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या 'सुरभि'ला एका आठवड्यात १४ लाखांवर पत्रं आल्याची नोंद आहे. साधं कार्ड १५ पैशांचं, ते पोस्टाला परवडेना. मग स्पर्धांसाठी २ रुपयांचं वेगळं कार्ड आलं. म्हणजे प्रेक्षकाच्या प्रेमावर दर लावणारं यूट्यूब काही पहिलं नाही! फरक इतकाच, की २ रुपयांच्या कार्डाने सगळ्यांना सारखीच संधी मिळायची. सुपर चॅटमध्ये जास्त पैसे टाकणारा जास्त वेळ वर राहतो.

बरं, मेंबरशिप घेतली तरी बुलढाण्याच्या श्रोत्याला काय मिळणार? पुण्यातल्या कार्यक्रमाची पुढची खुर्ची असेल, तर रात्रभर ट्रॅव्हल्सने जायचं कोणी?

माझ्या मते निर्मात्यांनी मेंबरशिप ठेवावी, पण नाव वाचणं त्यातून बाहेर काढावं. दर भागात एक व्हॉइस नोट फुकट ऐकवा. पाहुण्याला विचारायचा एक प्रश्न खामगाव-चिखलीकडून घ्या. आणि गावाचं नाव वाचताना 'बुलढाणा' म्हणा की 'बुलडाणा', यावर कमेंटमध्ये भांडण होईलच. होऊ द्या, त्यानिमित्ताने कोण-कोण ऐकतंय ते तरी कळेल.