जीपच्या पाठीला हूक लावताना



ऊस विकास विभागाने जीपच्या हुकावर का लिहावे, असे कुणी विचारील. विचारावेच. आमचे काम बेणे, लागण आणि खोडव्याचे. पण आता टिपरीऐवजी रोपांची लागण वाढली आहे, आणि ज्याच्या दारात जुनी जीप उभी आहे तो तिला मागे हूक मारून दोनचाकी ट्रॉली जोडू लागला आहे. पाच फुटी सरी आणि दीड फुटावर रोप धरले तर एकरी ५,८०० रोपे लागतात. ४२ कप्प्यांचे ट्रे म्हटले तर जवळजवळ १४०. एवढे ट्रे जीपच्या पोटात मावत नाहीत, हे आम्हालाही कळते.

गेल्या लागणीत आमच्या डोळ्यांदेखत घडले ते सांगतो. कालव्याच्या चढावर एक जीप ट्रॉली ओढत होती. हूक बंपरला वेल्डिंग केलेला. निम्म्या चढावर बंपर वाकला, एका अंगाने तुटला आणि ट्रॉली मागे सुटली. साखळी नव्हती. ट्रेवर बसलेल्या मजूर बाईंनी उडी मारली म्हणून जीव वाचला. मनगट मात्र मोडले आणि पुढच्या कामाची मजुरी बुडाली. जमलेली मंडळी म्हणाली, गाडीच जुनी. आमच्या मते गाडीचा त्यात काही दोष नव्हता.

ही गाडी ओढण्याच्या कामाचीच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मागचा हूक कारखान्यातूनच बसवून येई आणि तिला पाव टनी ट्रेलर जोडत. पण तो हूक चासीच्या मागच्या आडव्या पट्टीला असे, आणि ती पट्टी त्यासाठी मुद्दाम बळकट केलेली असे. पुढे महिंद्रांनी इथे वर्षानुवर्षे ज्या सीजे-३बी जीपा काढल्या, त्यांचीही चासी शिडीसारखीच: दोन लांब चॅनेल आणि मध्ये आडव्या पट्ट्या. ओढ घ्यायची ती चासीने. बंपर ठोकर खायला असतो.

तेव्हा हूक लावायचाच तर आधी चिखल धुऊन चासीला हातोडी मारून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद आवाज आला, पापुद्रे सुटले, तर हुकाचा विचार सोडा, आधी चासी करा. जाड प्लेट आडव्या पट्टीला नट-बोल्टने बसवावी, पट्टीच्या आतल्या बाजूलाही प्लेट द्यावी, आणि दोन तिरके आधार दोन्ही चॅनेलना न्यावेत. चॅनेलला भोक पाडायचे तर उभ्या बाजूला. वरच्या-खालच्या कडेला नको, तिथून तडा जातो. वेल्डिंगवाला म्हणतो, ‘पाच मिनिटांचं काम, साहेब.’ त्याला एवढेच विचारा, पेट्रोलची टाकी कुठे आहे? या जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखाली असते.

ब्रेकचे तर कुणी बोलतच नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि मास्टर सिलिंडर एकपदरी. एका ठिकाणी नळी फुटली की चारही चाके मोकळी. अशा गाडीमागे बिनब्रेकची ट्रॉली काठोकाठ भरणे आम्हाला मुळीच पटत नाही. खेपा दोन कराव्यात. उतरणीला लो गिअर आधीच टाकावा. आणि ऊस? जीपमागे ऊस भरून आणू नये, तो ट्रॅक्टरचा प्रांत.

भार कसा ठेवावा हे बैलगाडीवाल्याला शिकवावे लागत नाही. गाडी उलाळ झाली की बैलांचे काय होते, हे त्याला ठाऊक आहे. ट्रॉलीचेही तेच. मागे वजन पडले तर जीपची शेपटी उचलते आणि ट्रॉली डोलू लागते. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा.

काही सभासदांना वडिलांची जीप व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. हौस चांगली. पण २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, चासी-बॉडीत मोठा बदल केलेला नको, आणि नोंदणी झाल्यावर ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे प्रदर्शन तरी, नाहीतर ट्रे तरी. बोल्टने बसवलेला हूक निदान उद्या काढता येतो. आणि बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे.

यंदा रोपवाटिकेच्या फाटकावर आम्ही स्वतः वाकून बघणार आहोत. हूक बंपरला असेल, सुरक्षेची साखळी नसेल, मागचे दिवे लागत नसतील, तर ट्रे चढणार नाहीत. ट्रॉलीत माणूस बसलेला दिसला तरी नाहीत. कुणी रागावले तर रागावो.